एकाच स्ट्रिंगची दोन मापं

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी बिल्ड सांभाळत होतो. गोदामांचा हिशेब ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर सी प्लस प्लसमधलं, बारा लाख ओळींचं. सगळं सोर्सपासून बांधायला दोन तास लागायचे. सर्व्हर सेंटओएस ७ वरून उबुंटू १८.०४ वर न्यायचे ठरले. म्हणजे कंपायलर जीसीसी ४.८.५ वरून थेट ७ वर जाणार होता. मी छातीठोकपणे सांगितलं, "कोड तोच आहे, आठवड्यात होईल."

कोड तोच होता, पण त्याचा अर्थ लावणारा बदलला होता. हे मी लक्षातच घेतलं नाही.

दोन तास वाचावेत म्हणून मी बिल्डचं अख्खं फोल्डर जुन्या मशीनवरून उचलून नव्यावर ठेवलं. मेक फक्त फायलींच्या वेळा पाहतं. सोर्स बदलला नसेल तर जुनी ऑब्जेक्ट फाइल चालेल असं ते धरून चालतं. ती कुठल्या कंपायलरने घडवली याची त्याला खबर नसते. त्यामुळे काही फायली नव्या कंपायलरने बांधल्या गेल्या, बाकी जुन्याच राहिल्या आणि लिंकरने शेकडो 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ओकले. जवळपास प्रत्येक ओळीत 'सीएक्सएक्स११' हा शब्द होता. तो शब्दच मला कारण सांगत होता, पण मी वाचला नाही. सगळं पुसून पुन्हा बिल्ड लावला आणि मुलुंडला घरी गेलो.

सकाळी एरर उरले ते एकाच ठिकाणचे. बारकोड वाचणारी एक विकतची लायब्ररी होती, ४.८ वर घडवलेली. तिचा सोर्स आमच्याकडे नव्हता.

मूळ कारण असं. सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकाने स्ट्रिंगची जुनी रचना बाद केली. त्या रचनेत एकाच मजकुराच्या अनेक प्रती एकच जागा वाटून घ्यायच्या. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ ने स्ट्रिंग नव्याने रचली. जुन्या आणि नव्याची गल्लत होऊ नये म्हणून नव्या प्रकाराच्या नावातच 'सीएक्सएक्स११' घातलं. डेबियनने त्या वर्षी कित्येक लायब्ररी पुन्हा बांधल्या आणि त्यांच्या पॅकेजांच्या नावाच्या शेवटी 'व्ही५' जोडलं. जे काम अख्ख्या वितरणाने इतक्या निगुतीने केलं, ते मी एका रात्रीत उरकायला निघालो होतो.

शोधल्यावर कळलं की एक मॅक्रो शून्य केला की नवा कंपायलरही जुनी स्ट्रिंग वापरतो. मी तो बारकोडच्या मॉड्यूलपुरता शून्य केला. लिंकर गप्प झाला. आमच्या टीममध्ये बोरिवलीहून येणारी एक मुलगी होती, नोकरीचं पहिलंच वर्ष. ती म्हणाली, "सर, हा मॅक्रो सगळ्या मॉड्यूल्सना लावून पूर्ण बिल्ड करूया का? अर्धं असं आणि अर्धं तसं नको वाटतं." मी म्हटलं, "लिंक झालंय ना? तू टेस्ट चालव." त्या मॉड्यूलच्या टेस्ट त्याच मॅक्रोने बांधलेल्या. त्या पास होणारच होत्या.

शुक्रवारी आम्ही ते भिवंडीच्या गोदामात लावलं. शनिवारी रात्री फोन आला. जुनी लेबलं वाचली की स्क्रीनवर क्रमांक कोरा येतो, मध्येच प्रोग्रॅम कोसळतो. ट्रक रांगेत उभे होते आणि माणसं पावसात हाताने वहीत नोंदी करत होती.

सोमवारी ग्राहकाला पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं, 'नव्या कंपायलरमधील दोषामुळे ही अडचण उद्भवली.' तपास न करता लिहिलं. माझी सर्वांत मोठी चूक हीच.

दोष शोधला त्या मुलीने. तिने मुख्य प्रोग्रॅममध्ये आणि बारकोडच्या मॉड्यूलमध्ये एकेक ओळ घातली, स्ट्रिंगचा आकार छापणारी. एकीकडून आलं ३२, दुसरीकडून ८. दोन्ही भाग एकमेकांना एका स्ट्रक्चरचा पॉइंटर देत होते. स्ट्रिंग त्या स्ट्रक्चरच्या पोटात होती, फंक्शनच्या सिग्नेचरमध्ये नव्हती. त्यामुळे नावं जुळली आणि लिंकरला तक्रार करायला जागाच उरली नाही. मग तिने रीडएल्फने आमच्या एक्झिक्युटेबलचा 'कॉमेंट' विभाग उघडला. तिथे दोन ओळी शेजारी शेजारी होत्या, एक जीसीसी ४.८.५ ची, दुसरी ७.४.० ची. आमचा प्रोग्रॅम आपला जन्म कुठे झाला हे स्वतःच्या अंगावर लिहून फिरत होता. मी पाहिलंच नव्हतं.

कंपायलरमध्ये काही दोष नव्हता. त्याने बदल जाहीर केला होता, नावात लिहिला होता, जुन्या वाटेची सोयही ठेवली होती. मी ती सोय अर्धवट वापरली आणि नाव त्याचं घेतलं.

संपूर्ण सॉफ्टवेअर एकाच मॅक्रोने पुन्हा बांधलं, गोदाम सुरू झालं. पुढे तीन महिन्यांनी त्या लायब्ररीची नवी आवृत्ती मिळाली आणि तो मॅक्रो काढला. आता कंपायलर, लिंकर आणि मानक लायब्ररी यांच्या नेमक्या आवृत्त्या सोर्सबरोबरच नोंदवलेल्या असतात. बिल्ड ठरावीक कंटेनरमध्येच होतो आणि आवृत्ती जुळली नाही तर पहिल्याच पायरीवर थांबतो. कंपायलर बदलला की फोल्डर रिकामं. जीसीसी १० ने सी भाषेतल्या कोडमध्ये एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फायलींत चालवून घेणं बंद केलं, तेव्हा आम्ही जुना पर्याय चालू करून पळ काढला नाही. प्रत्येक व्हेरिएबल कुणाचं ते ठरवलं. त्यातली दोन खरोखर वेगवेगळी असायला हवी होती आणि इतकी वर्षं एकमेकांवर लिहीत होती.

भिवंडीचं गोदाम पुन्हा सुरू झालं त्याच आठवड्यात ग्राहकाला मी दुसरं पत्र पाठवलं. पहिल्या अहवालातलं कारण चुकीचं होतं, मॅक्रो अर्धवट लावण्याचा निर्णय माझा होता आणि टीममधल्या एका सहकाऱ्याने तो आधीच नको म्हटला होता, असं त्यात लिहिलं. पाठवण्यापूर्वी ते तिला वाचायला दिलं. तिने एकच दुरुस्ती सुचवली. मी नुसतं 'नवा कंपायलर' असं लिहिलं होतं. तिने तिथे आवृत्तीचा आकडा घातला.