मागची कमान

आमची गाडी मागे बसली आहे, हा शोध मला लागला तो एका रात्री. घराच्या आवारात वळताना दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता थेट समोरच्या कडुनिंबाच्या शेंड्यावर गेला आणि तेथे बसलेले एक घुबड डोळे विस्फारून माझ्याकडे पाहू लागले. रस्ता मात्र काळोखात होता. सकाळी लांब उभे राहून पाहिले तेव्हा दिसले, की गाडीचे नाक वर आहे आणि मागची बाजू जमिनीला टेकावयास आली आहे. महाविद्यालयातील माझ्या एका सहकाऱ्याने तिला 'सलाम ठोकणारी गाडी' असे नाव ठेवले. सलाम पुढे वाकून करतात, मागे बसून नव्हे, हे मी त्यांना सांगितले. पण थट्टेला व्याकरण नसते.

गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी. ते सांगोल्यात डॉक्टर होते. पुष्कळ दिवस वाट पाहिल्यावर १९८२ साली ती दारात आली, आणि त्यानंतर पंचवीस वर्षे तिच्या मागच्या बाकावर कोण कोण निजून गेले याची गणती नाही. अडलेल्या बाळंतिणी, सर्पदंश झालेले गुराखी, डाळिंबाच्या बागेत फवारणी करताना चक्कर आलेले मजूर. कुणाला पंढरपूरला न्यावयाचे, कुणाला मिरजेला. सोलापूरकरांना या गाडीविषयी थोडा अभिमान वाटावयास आणखीही एक कारण आहे. जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली ती प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. १९४७ पासून तेथे प्रथम क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ वगैरे अमेरिकन मोटारी जोडल्या जाऊ लागल्या; फियाट मागाहून आली, आणि त्या फियाटचेच पद्मिनी हे देशी नाव. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी बरेच अश्रू ढाळले. आमच्या आवारातील पद्मिनी त्या वेळी निमूटपणे मागे बसत होती.

हा केवळ गाडीचा प्रश्न असता तर मी तो असाच पुढे ढकलला असता. माझ्या स्वभावाला ते जमते. परंतु माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईच्या मणक्याला गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून चीर गेली. तिला दर महिन्याला मिरजेला दाखवावयास न्यावे लागते, आणि ती दुसऱ्या कोणत्याही गाडीत बसावयास तयार नाही. नव्या मोटारींत शिरणे म्हणजे विहिरीत उतरण्यासारखे आहे, असे तिचे मत. पद्मिनीचे बाक ताठ, दार रुंद. लुगडे सावरून नीट बसता येते. तेव्हा मागचे पाटे नीट करणे हे माझे कर्तव्य ठरले, आणि ते मी चुकीने सुरू केले.

मराठीत कमान या शब्दावर फार ओझे आहे. देवळाच्या दाराला कमान, घड्याळात कमान, टांग्याखाली कमान. मुळात फारसीतील कमान म्हणजे धनुष्य. आणि गाडीच्या पाट्यांइतके धनुष्याशी नाते क्वचितच कुणी राखले असेल. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, सर्वांत लांब वर, तिच्या दोन्ही टोकांस डोळे, आणि मधोमध आस बांधलेला. अशी कमान घोडागाडीखाली बसविण्याचे पेटंट ओबडाया एलियट या इंग्रज कारागिराने १८०४ साली घेतले. मोटारीने ती घोडागाडीकडून वारशाने घेतली. आमच्याकडे बैलगाडीला ती नसे, म्हणून खेडेगावच्या माणसाला पूर्वी रस्त्यातील प्रत्येक दगड नावानिशी ठाऊक असावयाचा.

माझी चूक अशी. गाडी बसली तर ती उचलावी, एवढे सरळ तर्कशास्त्र मी लढविले. परगावच्या एका कारागिराने एका टेम्पोचा जाड पाटा कापून दोन्ही बाजूंस एकेक घातला. गाडी एकदम ऐटीत उभी राहिली. घुबडाची सुटका झाली. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मिरजेला निघालो. वाटेत प्रत्येक गतिरोधकावर मागून एक बारीक, दाबलेला आवाज येत होता. तो पाट्यांचा आहे असे मी स्वतःला सांगत होतो. घरी आल्यावर ती पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ह्यांच्या वेळी गाडी अशी आपटत नव्हती रे." त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माझ्या मित्राने माझे अज्ञान कागदावर मांडून दाखविले. पाट्यांची संख्या दुप्पट केली तर ताठरपणा दुप्पट होतो. पण पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. म्हणजे एक जाड पाटा घालताना मी एक घातला असे समजत होतो, आणि प्रत्यक्षात कितीतरी घातले होते. याच सुमारास डेट्रॉइटकडे नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. त्याने तेथे १९७० सालची एक प्लिमथ डस्टर घेतली आहे. तिकडे असल्या दांडग्या इंजिनाच्या गाड्यांचे मोठे वेड आहे, आणि गंमत अशी, की तिच्या मागेही आपल्या पद्मिनीसारखेच पाटे. फक्त तिचा आस पाट्याच्या मध्यावर नसून पुढच्या बाजूस आहे. पुढचा आखूड भाग ताठ राहतो आणि गाडी एकदम वेगाने सुटताना आस पिळवटू देत नाही. त्याला पाटे निवडावयाचे होते ते गाडी सुटावी कशी यासाठी. मला निवडावयाचे होते ते गाडी पोचावी कशी यासाठी. तरी त्याच्या पत्रातील एक वाक्य मी खुणेने जपून ठेवले: जुन्या पाट्यांना थंडपणे ठोकून पुन्हा बाक देऊ नका, ते पुन्हा बसतात.

शेवटी मी गेलो तो आमच्या मिरज रस्त्यावरच्या मिस्त्रींकडे, म्हणजे जेथे पहिल्याच दिवशी जावयास हवे होते तेथे. मी जाडी, लांबी, ताठरपणा यांवर बोलत राहिलो. त्यांनी ते सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मागं बसणार कोण, ते आधी सांगा."

मी सांगितले. ते गाडीखाली गेले आणि बोटाला तांबूस भुकटी लावून बाहेर आले. "पाटा कडक का मऊ ही पुढची गोष्ट. आधी तो गंजलाय. पाट्यावर पाटा सरकायला पायजे. हितं सगळे मिळून एकच ठोकळा झालाय. आन् रबरी बुश तर मरून गेलेत." ही गोष्ट माझ्या मित्राच्या कागदावर नव्हती. कमान मऊ असते ती तिच्या पट्ट्या एकमेकींवरून घसरतात म्हणून. गंजाने त्या जखडल्या की लहान खड्ड्यावर ती हलतच नाही, सगळा धक्का वर बसलेल्याच्या पाठीला.

मुंबईच्या एका जुन्या टॅक्सीवाल्याने जपून ठेवलेला कोरा जोड मिळाला. एका रविवारी मिस्त्री आमच्या आवारातच आले. आई ओट्यावर उशी घेऊन बसली, समोर भाजीची टोपली आणि विळी. गाडीचे धड जॅकने उचलून घोड्यांवर टेकविले, आसाखाली दुसरा जॅक दिला. यू-बोल्ट सुटेनात, त्यांना तेल पाजून, तापवून, शेवटी कापावे लागले. मिस्त्रींनी नवेच आणून ठेवले होते. जुने ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरणे त्यांच्या लेखी पाप होते. पाटे उतरले, तेव्हा मी घातलेला जाड पाटा बाजूला काढून त्यांनी उरलेले मोजले, नवे मोजले, आणि पुन्हा मोजले. जुन्यांत एकेक कमी होता. दोन्ही बाजूंस, सर्वांत खालचा.

"कुणी तरी मुद्दाम काढलाय," ते म्हणाले.

ओट्यावरून आई म्हणाली, "ह्यांनीच काढला. बाळंतिणीला धक्का बसतो म्हणाले. गाडी आणली त्याच वर्षी." आणि मग हातातला दोडका थांबवून, "त्यातल्या एकाची घिसाड्याकडनं ही विळी करून घेतली. दुसऱ्याचं खुरपं केलं होतं, ते हरवलं."

त्या विळीवर चिरलेली भाजी मी चाळीस वर्षे खातो आहे. पाट्याचे पोलाद धार धरते म्हणून लोहार त्याला जीव टाकतात, हे मला ठाऊक होते. आपल्याच स्वयंपाकघरात ते आहे हे ठाऊक नव्हते. वडिलांनी जेथून एक पाटा काढला होता, तेथे मी एक घातला होता. आता नव्या जोडातूनही खालचा पाटा काढावा, असे मला तत्क्षणी वाटले, आणि मी तसे बोललोही. मिस्त्रींनी मान हलविली. डॉक्टरसाहेब कच्च्या रस्त्याने सावकाश जात. आता मोठा रस्ता झाला आहे, वेग वाढला आहे. एक पाटा काढला तर त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, म्हणून तर जुने इतके बसले. वडिलांचे कृत्य चुकीचे ठरते हे ऐकणे मला जड गेले, पण ते खरे होते. आईकडे पाहिले. "ते सांगतात तसं कर," ती म्हणाली.

मग पूर्ण जोडच बसविला. पट्ट्यांच्या मध्ये ग्राफाइटचे ग्रीस भरले, मधल्या बोल्टचे डोके आसाच्या बैठकीतील भोकात नेमके बसविले, यू-बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळले. डोळ्यांतील बुशचे बोल्ट मात्र मिस्त्रींनी सैलच ठेवले. मला वाटले, विसरले. "चाकं जमिनीला लागू द्या," ते म्हणाले. गाडी अधांतरी असताना ते आवळले, तर खाली उतरल्यावर रबर जन्मभर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गाडी खाली उतरविली. तेवढ्यात आई काठी टेकीत आली आणि दार उघडून मागच्या बाकावर जाऊन बसली. मिस्त्री गाडीखाली होते. मी तिला उतरावयास सांगू लागलो, तर खालून आवाज आला, "बसू द्या सर, बरंच आहे." तिचे वजन घेऊनच शेवटचे बोल्ट आवळले गेले.

काल मिरजेला जाऊन आलो. जुनोनी सोडेपर्यंत ती बाहेरची माळराने पाहत होती. प्रत्येक गतिरोधकापूर्वी मी आरशात बघत होतो. नागज फाट्यापाशी तिची मान एका बाजूला कलली होती, आणि पुढे मिरजेपर्यंत ती जागी झाली नाही. थोडी धाव झाली की यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात. मिस्त्रींनी येत्या रविवारी सकाळी आठला बोलाविले आहे.