साडेचार वॅटचा आवाज

अब्बांच्या इंतकालनंतर मिरजेच्या घरातून मी त्यांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पुण्याला आणला. त्यांनी स्वतः जुळवलेला. प्रत्येक बाजूला एकच ईएल 84 व्हॉल्व्ह, ताकद जेमतेम साडेचार वॅट. त्यासोबतच्या लाकडी पेट्यांतले बारा इंची स्पीकर मात्र माळ्यावरच ठेवले. फ्लॅटमध्ये जागा कुठे?

नोकरी लागल्यावर मी शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. तेव्हा हसत म्हणालो होतो, “अब्बा, तुमचं तर खेळणं आहे.” ते एवढंच म्हणाले, “बडा आवाज नक्को बेटा, साफ होना.” त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तो कधी लावला नाही.

पुण्यात तो माझ्या नव्या, अरुंद स्पीकरना जोडला. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं लावलं. खाँसाहेबांची कबर मिरजेतच, दर्ग्याच्या आवारात. जुम्म्याच्या नमाजनंतर अब्बा तिथे फातिहा पढायचे. आवाज दबलेला आला. वाढवला तर फाटू लागला, आणि तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहिला. व्हॉल्व्ह संपले असं मी ठरवलं. विकून टाकायचंही मनात आलं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांना दाखवला. मोजून म्हणाले, “व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत. स्पीकर कोणते लावलेत?”

माझे स्पीकर 85 डेसिबलचे. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर 85 डेसिबल आवाज. पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला ताकद दुप्पट लागते, 10 डेसिबलला दहापट. अब्बांचे हलक्या कागदी कोनचे स्पीकर चाचांच्या अंदाजाने 95च्या आसपासचे. म्हणजे त्यांच्यावर साडेचार वॅट जे काम करतात, त्यासाठी माझ्या स्पीकरना 45 वॅट हवेत!

दुसरी गोष्ट ओहमची. व्हॉल्व्हला समोर हजारो ओहमचा भार हवा असतो, स्पीकर मात्र 4, 8 किंवा 16 ओहमचा. त्यांची गाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून देतो. पण स्पीकरवर छापलेला आकडा स्थिर नसतो. माझ्या ‘8 ओहम’ स्पीकरचा तो खालच्या स्वरांत कुठे बराच वर चढतो, तर कुठे 3 पर्यंत उतरतो. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर ते सहसा निभावून नेतो. अब्बांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र आकडा चढेल तिथे आवाज फुगतो, उतरेल तिथे पडतो. डग्गा घुमत होता तो यामुळे.

पुढच्या रविवारी मिरजेला जाऊन पेट्या खाली काढल्या. मागे अब्बांच्या हाताने खडूने लिहिलेलं होतं: 16. अ‍ॅम्प्लिफायरच्या 16च्या जागी तारा जोडल्या आणि तेच गाणं लावलं. बटण पाव फेराही फिरवावं लागलं नाही. खाँसाहेबांचा बारीक, टोकदार स्वर खोलीभर झाला. अम्मी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या आणि अब्बांच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुमच्या घरी असं जुनं यंत्र असेल तर भंगारात देण्याआधी स्पीकर बदलून पाहा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ते चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पेट्या आता पुण्यात आहेत. जागा सोफा काढून केली.