नऊ मिलिमीटरची बार्शी लाइन

रूळ टाकण्याआधी त्यांच्यामधलं अंतर ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना आपल्याला नेमकं किती हवं आहे, हेही ठरून जातं. आपल्या ब्रॉडगेजला १,६७६ मिलिमीटर लागतात. बार्शी लाइट रेल्वेनं ७६२ मध्ये भागवलं. पुण्यातल्या माझ्या घरी, पुस्तकांच्या कपाटालगत भिंतीला बसवलेल्या तीन मीटरच्या फळीवर तीच बार्शी लाइन आकार घेते आहे, तिथं दोन रुळांत नऊ मिलिमीटर अंतर आहे.

हे नऊ मिलिमीटर कुठून आले, ते सांगायला हवं. प्रतिकृती १:८७ या प्रमाणात करायची म्हटली, तर ७६२ चे पावणेनऊ मिलिमीटर होतात. जगभरात एन गेज नावाची छोटी मॉडेल रेल्वे आहे, तिचे रूळ नऊ मिलिमीटरचे. म्हणून रूळ, चाकं आणि मोटर तिथून घ्यायची आणि वरचा देह मात्र बार्शीच्या मापानं स्वतः घडवायचा. पितळी पत्रा कापायचा, कडा घासायच्या, सोल्डरनं जोड द्यायचे.

पुण्याला हे वेड नवं नाही. कोथरूडमधलं भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं, आणि तिथं मुलांइतकेच त्यांचे आजी-आजोबाही काचेला नाक लावून उभे असतात. त्याच्याही कितीतरी आधीपासून इथल्या पोरांचे हात दरवर्षी दिवाळीत सराव करत आले आहेत. दगड, विटा रचून, चिखल थापून किल्ला करायचा, उतारावर अळीव पेरायचे, मावळे मांडायचे. डोंगर आधी उभा राहतो आणि वाट त्याच्या कलानं काढावी लागते, हे मला तिथंच कळलं.

माथेरानचीच गाडी का नाही केलीस, असं घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. नेरळहून १९०७ साली सुरू झालेली ती गाडी मलाही फार प्रिय आहे. आदमजी पीरभॉय कुटुंबानं पैसा उभा केला आणि विसांत एक अशा चढाची, झाडं-कडे चुकवत जाणारी वाट डोंगरावर नेली. पण माथेरानवर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. बार्शी लाइन बहुतेक सपाट, काळ्या मातीच्या मुलखातली. तिच्या वाटेवर माथेरानसारखी थंड हवा नाही, तशा दऱ्या नाहीत. तिथं ज्वारी, बाभळी आणि दूरवर दिसणारं एखादं देऊळ. तिच्याकडे थांबून पाहायला कुणीतरी हवं, असं मला वाटत राहिलं.

पाहू लागल्यावर तिचं शहाणपण उलगडत गेलं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं ती आखली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. कॅल्थ्रॉपनं एक नियम घालून घेतला होता. इंजिन असो वा मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही. भार सारखा वाटला गेला, म्हणून यार्डाला तीस पौंडांचे हलके रूळही पुरले. रूळ हलके, म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणून जिथं मोठी रेल्वे कधी आलीच नसती, तिथं रेल्वे आली. इंजिनांना चाकं जास्त दिली ती याच हिशेबानं. मालाच्या वाघिणींना त्यानं दाबलेल्या पोलादाची, पंचवीस फुटांची, एकसारखी चौकट दिली. माझ्या फळीवर ती चौकट नऊ सेंटिमीटरला किंचित कमी भरते. एक साचा नीट जमला आणि त्यावर उघडी वाघीण, बंद वाघीण अशा सगळ्या उभ्या राहिल्या, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा विचार मला वाचून नव्हे, बोटांनी समजला.

बाकीचा मुलूख पुण्यातच मिळतो. तपकीर गल्लीतून तांब्याची बारीक वायर आणायची, पीळ देऊन तिच्या फांद्या सोडवायच्या, की बाभूळ होते. नारळाचा काथ्या बारीक कापला की उन्हाळ्यातलं गवत होतं. माती मात्र मी सोलापूर जिल्ह्यातूनच आणली. ती फडक्यातून गाळली, फेविकॉलच्या पातळ पाण्यावर बसवली. वाळल्यावर तिला बारीक भेगा पडल्या आणि त्या मी तशाच ठेवल्या. वैशाखात ती जमीन तशीच असते.

माणसं मात्र बाजारात मिळत नाहीत. या प्रमाणातल्या तयार बाहुल्या युरोपातून येतात, त्यांच्या अंगात ओव्हरकोट आणि डोक्यावर हॅट. या गाडीनं आषाढी-कार्तिकीला वारकरी नेले, त्यांच्यासाठी मालाच्या वाघिणीही जोडल्या. ओव्हरकोटवाल्यांना घेऊन ती पंढरपूरला कशी जाणार? म्हणून भिंगाखाली हॅट कापायची, टिश्यू पेपरच्या घडीचं धोतर नेसवायचं, केसाएवढ्या तारेला भगवी पताका लावायची. एकोणीस मिलिमीटर उंचीच्या बाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन ठेवायला माझी एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ मला फार सुखाची वाटते.

बार्शी लाइनीकडच्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांना मी डब्यातल्या बाकांमधलं अंतर विचारलं होतं. त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, “समोरच्याचे गुडघे लागायचे बघा. मग गप्प कसं बसणार माणूस? बार्शी येईस्तोवर त्याच्या पोरीचं लग्न कुठं ठरलंय तेसुद्धा कळायचं.” बाकं मी त्यावरूनच बसवली.

गाडी ताशी तीस किलोमीटरनं धावते असं धरलं, तर माझ्या फळीवर तिनं सेकंदाला सुमारे दहा सेंटिमीटर जायला हवं. एवढ्या संथपणे छोटं इंजिन चालवणं कठीण असतं. रुळावर धुळीचा कण असला तरी वीज तुटते आणि ते अडतं. म्हणून रोज रूळ पुसायचे, चाकं पुसायची, सांध्यांवर बोट फिरवून उंचवटा शोधायचा. गँगमन हातोडा घेऊन मैलोन्‌मैल का चालायचे, ते मला या तीन मीटरांत समजलं.

या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बार्शी लाइन टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. ते योग्यच झालं. लातूरच्या माणसाला रात्रीतून मुंबई गाठता यावी, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण जुन्या लाइनीनं जे करून दाखवलं, ते रुळांबरोबर उखडून जाऊ नये. आपल्या ऐपतीचं माप आधी प्रामाणिकपणे घ्यायचं, आणि मग त्या मापात तसूभरही कसूर करायची नाही, हे तिचं काम होतं.

आता फळीच्या उजव्या टोकाचा निर्णय उरला आहे. बरेच जण तिथं रूळ वळवून गोल पुरा करतात, मग गाडी हवी तितकी फिरत राहते. मी वळवणार नाही. बार्शी लाइन कुणी गोल फिरायला बांधली नव्हती. कापसाला, धान्याला, वारकऱ्यांना कुठंतरी पोचायचं होतं. म्हणून उजवीकडे पंढरपूरचं स्टेशन होईल. तिथं इंजिन सुटेल, बाजूच्या रुळावरून मागे येऊन परतीच्या गाडीला लागेल, आणि स्टेशनाबाहेर मी वीतभर मोकळा रस्ता सोडणार आहे, कारण माणसं उतरली की त्यांना चंद्रभागेकडे चालत जायचं आहे.