चोर्ल्याच्या घाटात पाणी पिणारी गाडी

बेळगावहून गोव्याला उतरायच्या वाटा तीन-चार. कुणी आंबोलीवरून सावंतवाडीला उतरतं, कुणी अनमोडचा घाट धरतं. आमच्या घरची वाट मात्र पहिल्यापासून एकच. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट आणि खाली केरी. आईचं माहेर साखळीच्या अलीकडे असल्यामुळे दुसऱ्या वाटेचा विचारही कधी झाला नाही. लहानपणी आम्ही मे महिन्याच्या सुटीत जायचो. अलीकडे मात्र दर महिन्याला एक फेरी ठरलेली. मामा अर्धांगाने अंथरुणाला खिळला आहे आणि पाच भावंडांपैकी आता ही दोघंच उरली आहेत. आईची गुडघेदुखी अशी, की एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. त्यामुळे तिचं माहेर आणि आमची गाडी या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या.

गाडी १९९९ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चोवीस वर्षांच्या गाडीत काही बिघडलं तर तो दोष कंपनीचा नसतो, वयाचा असतो. नोंदणीचं दोनदा नूतनीकरण झालं, रंग बॉनेटवर उडाला, पण इंजिन घड्याळासारखं चालायचं. २०२३ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की रेडिएटरशेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीतलं कूलंट वरच्या खुणेपासून खालच्या खुणेवर गेलंय. म्हटलं, उन्हाळ्यात उडालं असेल. भरलं. साखळीची एक फेरी झाली आणि बाटली पुन्हा रिकामी.

गाडीखाली मात्र एक थेंब नाही. आपल्या या साप्ताहिकाचे जुने अंक मी रात्री इंजिनखाली पसरून ठेवले. सकाळी कागद कोरडे. होज पाइपांच्या क्लिपा चाचपल्या, रेडिएटरच्या जाळीत कुठे हिरवट-पांढरा डाग दिसतो का ते बॅटरी लावून पाहिलं. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की त्यातून पाणी झिरपतं आणि गरम इंजिनवर वाळून त्याचा ओघळ उरतो. तिथेही काही नाही. मग गेलो खानापूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे.

मिस्त्रीने आधी रेडिएटरचं झाकण बदललं. मला वाटलं, गिऱ्हाईक आलंय तर काहीतरी बदलायला हवं म्हणून बदललं. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हे झाकण म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टीच. आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी लवकर उकळत नाही. चोर्ल्याच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे ८०० मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातलं पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग शाबूत असेल तर हाच आकडा ११५ च्या पुढे जातो. स्प्रिंग ढिली पडली, की चढणीवर पाणी बाटलीत उसळतं आणि वाफ होऊन निघून जातं, जमिनीवर काही दिसत नाही. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या प्रत्येक गाडीवाल्याने पहिल्यांदा हेच बदलावं, असं मी आता सांगतो. आमच्या बाबतीत मात्र उपयोग झाला नाही. श्रावणातल्या फेरीत पुन्हा अर्धा लिटर गायब.

दुसऱ्या खेपेला मिस्त्रीने हातपंप जोडून थंड इंजिनात दाब भरला. काटा चढला आणि मग हळूहळू, दहा मिनिटांत, खाली सरकला. म्हणजे गळती आहे. बाहेर थेंब नाही. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "सर, हे आत पितंय. हेड गॅस्केट गेलंय."

हे शब्द जुन्या गाडीवाल्याला डॉक्टरने "बायोप्सी करून घेऊ" म्हणावं तसे लागतात. हेड उतरवायचं, घासून सपाट करायचं, गॅस्केट बदलायचं आणि उघडल्यावर आणखी काय निघेल ते निघेल. त्याने सांगितलेला आकडा गाडीच्या तेव्हाच्या किमतीएवढा होता. घरात मुलाने एका वाक्यात निकाल दिला, "बाबा, भंगारात घाला." सून म्हणाली, आजींना आपण भाड्याच्या गाडीने पाठवू. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहिलं, तर ती अंगणात येऊन गाडीच्या दाराला हात लावून उभी होती. मला बघून म्हणाली, "धूळ बसलीय रे."

मी हट्टाने विचार करू लागलो. गॅस्केट फाटून पाणी सिलिंडरमध्ये जात असेल, तर सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर यायला हवा. तो नव्हता. पाणी तेलात मिसळत असेल, तर तेलाच्या झाकणाला आतून ताकावरच्या लोण्यासारखा पांढरा साय धरतो. झाकण स्वच्छ होतं, डिपस्टिकवरचं तेलही. सकाळी थंड इंजिन, रेडिएटरचं झाकण काढलेलं आणि गाडी चालू केली, तर पाण्यात एकामागून एक बुडबुडे यायला हवेत. मी पाच मिनिटं तिथे डोळे लावून बसलो. बुडबुडा नाही. मिस्त्रीला सांगितलं, तर तो म्हणाला, "सुरुवात आहे सर, पुढे दिसेल." त्यालाही दोष देत नाही. दाब उतरतोय आणि बाहेर कोरडं, तर दहापैकी आठ वेळा तो म्हणतो तेच निघत असावं.

चतुर्थीला आईला न्यायचंच होतं. गोव्याकडे उतरताना गाडी निवांत असते, कारण सगळा उतार. जांबोटीपर्यंत भात हिरवेगार, पुढे रान दाटत जातं. कणकुंबीला माउलीच्या देवळाकडे बघून आईने नेहमीप्रमाणे हात जोडले. इथेच मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वळून कूडलसंगमला कृष्णेत जाते. थोडं पुढे उतारावरचं पाणी मात्र म्हादईतून अरबी समुद्राला. याच माथ्यावरच्या कळसा नाल्यावरून गोवा आणि कर्नाटक किती वर्षं भांडतात, लवादाचा निवाडा २०१८ साली येऊनही भांडण काही मिटलं नाही. जिथे पाण्याचा असा हिशेब मागितला जातो, तिथेच माझी गाडी पाणी कुठे टाकते ते मला कळत नव्हतं.

मामाकडे चार दिवस छान गेले. मामाला उजव्या हाताने काही धरता येत नाही. आईने बेळगावचा कुंदा चमच्याने भरवला आणि दोघं नव्वद वर्षांपूर्वीच्या आजोबांच्या गोष्टी बोलत बसली. निघताना मामीने माटोळीचे नारळ आणि आमसुलं डिकीत भरली. कुंद्याची पिशवी तिथेच राहिली. हे पिशवीचं मुद्दाम सांगतो.

कारण गेले तीन महिने गाडीत एक गोड वास यायचा. आम्ही सगळे म्हणायचो, कुंदा. दर फेरीला आई मांडीवर कुंद्याचा डबा घेऊन बसायची, तिची कापडी पिशवीसुद्धा त्या वासाने मुरलेली. आणि पुढच्या डाव्या सीटखालची चटई नेहमी ओली असायची. पावसाळा, आईची छत्री, ओल्या चपला. ओली नाही तर काय असणार? काच आतून धुरकट व्हायची, मी फडक्याने पुसायचो आणि घाटातल्या धुक्याला नावं ठेवायचो.

परतीचा केरीपासूनचा चढ सुरू झाला. अंजुणे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसेनासं झालं, वळणं आवळत गेली. पुढे एक मोठा ट्रक रांगत होता. दुसऱ्या गिअरवर दहा मिनिटं गेली आणि काटा अर्ध्याच्या वर सरकला. मग पाऊण. पोटात गोळा आला. बाजूला थांबायला जागा नाही, मोबाइलला रेंज नाही आणि शेजारी एक्याऐंशी वर्षांची आई. तेवढ्यात जुन्या ड्रायव्हर लोकांची एक युक्ती आठवली. इंजिन तापलं तर आतला हीटर पूर्ण उघडायचा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं. तो उघडला, की थोडी उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला तेवढा आधार मिळतो. आम्ही घामाने निथळू, पण माथा गाठू.

कळ फिरवली. गरम हवेचा झोत आला आणि त्यासोबत तो गोड वास, इतका की घशात बसला. समोरची काच एका क्षणात तेलकट धुरकट. आई माहेराहून परतताना दोन दिवस कोकणीतच बोलते. तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "हो वास कुंद्याचो न्हय रे."

खरंच की. कुंदा तर मामाच्या घरी.

पुढच्या वळणावर थोडी रुंद जागा मिळाली, तिथे गाडी लावली. आईच्या पायाखालची चटई उचलली, खालच्या गालिच्यावर पांढरा रुमाल दाबला. रुमाल हिरवा झाला. बोटांना बुळबुळीत, चिकट. पावसाचं पाणी हिरवं नसतं. आईच्या लुगड्याचा काठ तपासला, तर तोही चिकट. तीन महिने ती म्हणत होती, "साडी धुतली तरी खाली कडक होते," आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं.

हीटरचा तो छोटा रेडिएटर फुटला होता. पाणी बाहेर पडत नव्हतं, आमच्या पायाशी पडत होतं. मिस्त्री बॉनेटखाली शोधत होता आणि मी त्याच्यासोबत.

बेळगावची भाजी गोव्यात टाकून रिकामा परतणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा. "काय झालंय ओ काका?" म्हणत उतरला. मी झाकणाकडे हात नेला, तर त्याने माझं मनगट धरलं. "आत्ता नको. तोंडावर येईल." पाऊण तास आम्ही थांबलो. आईने त्याला डिकीतला एक नारळ दिला. इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्यावर त्याने पाहिलं. इंजिनातून हीटरकडे दोन पाइप जातात, एक जायचा, एक यायचा. त्याने एका पाइपाचं हीटरकडचं टोक सोडवलं आणि वळवून परतीच्या नळीवरच चढवलं, वर क्लिप आवळली. आता पाणी हीटरकडे जाणारच नाही. मग चालू इंजिनात थोडं थोडं पाणी भरलं. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, हे त्यानेच मला सांगितलं. पैसे घेतले नाहीत. "आजीला नीट न्या," एवढंच.

बेळगावात मिस्त्रीला रुमाल दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डाव्या पायाकडे हात घालायला पाहिजे होता सर." नवा हीटर बसवायला डॅशबोर्ड सगळा उतरवावा लागतो, दोन दिवस गेले. खर्च हेडच्या कामाच्या पाव हिश्शाचाही आला नाही. गालिचा काढून साबणाने तीनदा धुतला. हे कूलंट चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी. कुत्री-मांजरं चाटतात, म्हणून धुतलेलं पाणीही अंगणात सोडलं नाही.

त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्यांत बाटलीतली रेघ वरच्या खुणेवरून हललेली नाही. आई आता गाडीत बसायच्या आधी दार उघडून दोन क्षण नुसती उभी राहते आणि वास घेते. मग कुंद्याचा डबा मागच्या सीटवर ठेवायला सांगते.