शीटमधली आई

लेक जन्मली त्याच्या चौथ्या दिवशी आम्ही गुगल शीट उघडली. आम्ही म्हणजे मी आणि नवरा. दोघंही सॉफ्टवेअरवाले, दोघंही घाबरलेले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या होत्या, "पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा तरी वेळा शू होते ना, तेवढं बघा." अंगावरचं दूध किती मिली गेलं हे दिसत नाही, म्हणून शू मोजायची. एवढं साधं होतं. आम्ही त्याचे सात कॉलम केले : वेळ, दूध, कुठल्या बाजूचं, शू, शी, झोप, शेरा. पहाटे तीनला एका हातात पिल्लू आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी नोंदी करायचे.

माझी आई कराडहून आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. शीट बघून म्हणाली, "लंगोट ओला झाला की बदलायचा. हजेरीपत्रकं भरण्यात माझा जन्म गेला बाई, आता हे नको." पण नोंद करायला शिकली. चष्मा कपाळावर सरकवून, एकेक अक्षर शोधत.

माझी रजा २६ आठवड्यांची होती. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून इथवर आली. मी शेवटपर्यंत काम करून बाळंतपणाआधी फक्त दोन आठवडे घेतले. उरले चोवीस, म्हणजे साडेपाच महिने. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध. दोन्ही हिशेब जुळत नव्हते, तेवढा फरक पंपाने भरून काढायचा होता. नवऱ्याला मिळाली पाच दिवसांची रजा. खाजगी नोकरीत वडिलांना रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही, त्यामुळे पाच दिवस हीसुद्धा कंपनीची मेहरबानी. सहाव्या दिवसापासून तो लॅपटॉपसमोर आणि मी बाळासमोर. ही वाटणी आमच्यापैकी कोणीच ठरवली नव्हती. ती पडत गेली.

रजा संपायला तीन आठवडे राहिले तेव्हा मी ऑफिसच्या सवयीने विचार केला. सुट्टीवर जायच्या आधी आपण हॅण्डओव्हर देतोच की! कोणतं काम कोणाकडे आहे, हे आधी कळायला हवं. म्हणून शीटला आठवा कॉलम जोडला : कोणी केलं?

आठवडाभराने रविवारी रात्री आम्ही दोघं बघायला बसलो. १६३ नोंदी. नवऱ्याच्या नावापुढे एकोणीस. बाकी सगळीकडे एकच शब्द : आई.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "सॉरी गं. तू किती करतेस."

मी पण स्क्रीनकडे बघत होते आणि मला काहीतरी खटकत होतं. एवढं मी केलंच नव्हतं. मी माझ्या आईला आई म्हणते. नवराही तिला आईच म्हणतो. आणि लेकीशी बोलताना तो मला आई म्हणतो, 'चल, आईकडे जाऊ'. तिघंजण एकाच शीटमध्ये लिहीत होतो आणि दोन बायकांना एकच नाव होतं. ऑफिसमध्ये डेटात अशी चूक सापडली तर कुणीतरी रात्र जागून निस्तरतं. घरात ती चूक पाच महिने आरामात चालली होती, कारण तिचं श्रेय मला मिळत होतं.

मी एकेक ओळ आठवून बघायला लागले. पहाटे साडेपाचची शी, ती तिने आवरलेली. मी झोपलेले. सकाळची मालिश-अंघोळ तिची. दुपारी दोन ते चारची झोप तिच्या मांडीवर. आणि मग लक्षात आलं, की बऱ्याच गोष्टींना तर ओळच नाही. माझ्यासाठी केलेली अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, टाके दुखायचे तेव्हा शेकायला गरम पाणी, वाळत घातलेली दुपटी. शीट बाळाची होती. बाळंतिणीचं कोण करतंय याला कॉलम नव्हता.

तरीही तेव्हा मी शहाणी झाले नाही. मी कामावर रुजू झाले. ऑफिसात पंपासाठी दिलेल्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या, दाराला कडी नव्हती. दुधाच्या बाटल्या बर्फाच्या पिशवीत घालून हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी यायचे. लेक आठ महिन्यांची असताना एका संध्याकाळी मी दारातूनच हात पसरले. तिने माझ्याकडे बघितलं आणि आजीच्या खांद्यात तोंड लपवलं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. खरं सांगायचं तर नुसतं वाईट नाही वाटलं, राग आला. आईचा. जिच्यामुळे मी नोकरी करू शकत होते, तिचाच.

रात्री लेक झोपल्यावर आई म्हणाली, "नळ एवढा वेळ चालू ठेवू नये." मग थोड्या वेळाने सांगायला लागली. माझ्या वेळी तिला तीन महिन्यांची रजा मिळाली होती. मग मला शेजारच्या काकूंकडे ठेवायची. मधल्या सुट्टीत पदर खोचून घरी धावायची, पाजून परत शाळेत. "एक दिवस तू त्यांच्याकडून माझ्याकडे येईचनास. सुट्टी संपत आली होती, तशीच परत गेले. पोरांना पाढे म्हणायला लावले आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी."

"मग?"

"मग काय? पाच वाजता आले तर झेप घेतलीस." ती थांबली. "काकू होत्या म्हणून माझी नोकरी टिकली. मी दिवाळीला एक साडी दिली त्यांना, बास. उलट मनात त्यांचा रागच धरला होता. आता सांगायला त्या नाहीत."

मी काहीच बोलले नाही. तिनेच पुढे सांगितलं, "मी पुढच्या महिन्यात जाते गं कराडला. तुझ्या बाबांना कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, भाजी येत नाही." शाळेतल्या मैत्रिणींबरोबरची सहल तिने दोनदा पुढे ढकलली होती, हे मला तेव्हा कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी नवऱ्यासाठी चार पानी हॅण्डओव्हर लिहायला घेतला. आई म्हणाली, "कागद कशाला? तू घराबाहेर जा."

त्या शनिवारी आम्ही दोघी तुळशीबागेत गेलो. पहिल्या तासात त्याचे तीन फोन आले. नाचणीचं सत्त्व किती पातळ, कुठला चमचा, ती रडतेय. मी दरवेळी निघायला उठले, आईने दरवेळी हात धरला. मग फोन बंद झाले. चार तासांनी परतलो तेव्हा भिंतीवर सत्त्व होतं, झबलं उलटं घातलेलं होतं, दुपारची झोप झालेली नव्हती आणि दोघं जमिनीवर बसून डब्यांची झाकणं आपटत होते. झबलं सरळ करायला माझा हात पुढे गेला. मागून आई हळूच म्हणाली, "राहू दे."

ऑफिसात आम्ही नवीन मुलाला काम शिकवतो तेव्हा त्याच्या हातातून कीबोर्ड ओढून घेत नाही. घरी मी साडेसात महिने तेच करत होते आणि वर, सगळं मलाच करावं लागतं, अशी तक्रारही करत होते. त्याची चूक होतीच. पण दार मीही अडवलं होतं.

आता आई कराडला आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असंही त्या दुरुस्तीत आहे. आमच्या कंपनीचं पाळणाघर ऑफिसपासून पाच किलोमीटरवर आहे. हिंजवडीत पाच किलोमीटर चार वेळा! म्हणून लेक घराजवळच्या पाळणाघरात जाते, दोन दिवस नवरा घरून काम करतो आणि झबलं अधूनमधून उलटं असतं. पाळणाघरातल्या ताईंकडे ती झेप घेते तेव्हा पोटात अजूनही कालवतं. पण मी त्यांना संध्याकाळी थांबून विचारते, तुमचा दिवस कसा गेला.

शीट आम्ही कधीच बंद केली. पण आई गेली त्या रात्री ती एकदा उघडली आणि आठव्या कॉलममध्ये जिथे जिथे आठवलं, तिथे 'आई' खोडून 'आजी' लिहिलं. खूप ओळी बदलल्या. काही ओळी मात्र कोणाच्या, ते काही केल्या आठवेना.

त्या तशाच ठेवल्या.