पंधरवड्यांतली शिवण

अनंतचतुर्दशी होऊन गेली कीं आमच्या घरांत एक निराळीच शांतता येते. झांजा माळ्यावर जातात, चौरंग धुवून भिंतीला टेकवला जातो, आणि घटस्थापनेला अजून पंधरा दिवस असतात. हा पक्षपंधरवडा. या दिवसांत लग्नाचीं बोलणीं निघत नाहींत, नव्या कापडाला कोणी कात्री लावीत नाहीं, वास्तूचा नारळ फुटत नाहीं. पंचांगानें शुभकार्यांतून वगळलेले हे दिवस मला अलीकडे वर्षांतले सर्वांत सुखाचे वाटूं लागले आहेत. असें उघड बोलणें बरें दिसत नाहीं, म्हणून मी तें लिहून टाकतें. या पंधरा दिवसांत कोणी कोठें बोलावीत नाहीं, आणि न गेल्याबद्दल कोणी रुसतही नाहीं.

वाईस भाद्रपदाच्या उत्तरार्धांत पाऊस पुरता गेलेला नसतो. महाबळेश्वराकडची एखादी सर दुपारीं पसरणीचा घाट उतरून येते, परसांतली फरशी भिजवते आणि निघून जाते. सकाळीं पांडवगडाचा माथा धुक्यांत असतो. नऊ-दहाच्या सुमारास तो असा स्वच्छ दिसूं लागतो कीं, रात्रींतून कोणी घांसून ठेवला असावा. कृष्णेचें पाणी अजून गढूळच, पण घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या एकेक करून वर येत असतात. किती वर आल्या हें पाहण्याकरितां मी रोज सकाळीं जाऊन येतें. तेवढेंच माझें बाहेरचें काम.

बाकीचा दिवस परसांत जातो. त्याला बाग म्हणावें असें त्याचें रूप नाहीं. एक प्राजक्त, एक पपनस, विहिरीच्या कठड्याला लागून सोनटक्क्याचें बेट, आणि कोणी न लावतां दरसाल उगवणारा तेरडा. गौरींच्या वेळीं तेरड्याला मान मिळतो, नंतर त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. पण त्याच्या शेंगा आतां पिकल्या आहेत, आणि बोट लावतांच त्या फुटून बीं दूर उडतें. साठी उलटलेल्या बाईनें तेरड्याच्या शेंगा फोडीत बसावें हें शोभत नाहीं, हें मला ठाऊक आहे.

पक्ष्यांच्या दृष्टीनें हा काळ मधल्या सुटीसारखा. उन्हाळ्यापासून डोकें उठवणारा कोकिळ गप्प झालेला असतो. पहांटे प्राजक्तावर शीळ घालणारा दयाळ त्याच झाडावर मुकाट्यानें शेपटी वरखालीं करीत बसतो. जांभळ्या शिंजिराचें तर मोठें विलक्षण. विणीचा हंगाम संपला कीं नराचीं तीं चकाकणारीं जांभळीं पिसें गळतात, आणि तो मादीसारखा मळकट पिवळा होऊन हिंडूं लागतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट रेघ शिल्लक राहते. भरजरी अंगरखा उतरवून ठेवतांना त्याची एक पट्टी अंगावरच विसरावी तशी. आणि ज्या सकाळीं फरशीवर पहिला धोबी शेपटी आपटीत तुरूतुरू चालूं लागतो, त्या सकाळीं माझ्यापुरती शरद ऋतूची सुरुवात होते. हा पाहुणा हिमालयाकडून किंवा त्याच्याही पलीकडून येतो, आणि कृष्णेच्या घाटावर धुणीं आपटणाऱ्या बायकांच्या शेजारीं आपलें नांव सार्थ करीत हिंवाळाभर राहतो.

या वर्षीं अशाच एका उघडिपीच्या दिवशीं ट्रंकेंतले कपडे उन्हांत घालतांना तळाशीं ठेवलेली आईची गोधडी हातीं आली. ती पुरी झालेली नाहीं. आई 2018 च्या माघांत गेली. तेव्हांपासून मी ती दरवर्षीं काढतें, ऊन देतें आणि होती तशी घडी पुन्हां ठेवून देतें. उलगडून मात्र कधीं पाहिली नव्हती. या वेळीं उलगडली, कारण घडींतून कांहीं तरी बोटाला टोंचलें.

गोधडी शिवण्याची आईची एक ठरलेली रीत होती. खालीं इरकली लुगड्याचें अस्तर, मध्यें जुन्या पातळांचे दोन थर, वर तुकडे; आणि धावदोरा कडेपासून सुरू करून चौफेर फिरवीत फिरवीत आंत न्यायचा, तो मध्यावर संपवायचा. झाडाच्या खोडांतलीं वर्षें आंतून बाहेर मोजतात. आईच्या गोधडींतलीं बाहेरून आंत मोजावीं लागतात. कडेचे टांके तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे, जणूं आंखलेल्या ओळींत बसवलेले. वीतभर आंत आल्यावर ते गव्हाएवढे होतात. आणखी आंत गेलें कीं ओळ डगमगते; एके ठिकाणीं ती शेजारच्या ओळीला ओलांडून पलीकडे गेली आहे, आणि चूक न कळतां पुढें चालतच राहिली आहे. मध्यें हातभर लांबीरुंदीचा चौकोन मोकळा. त्याच्या कडेला सुई टोंचलेली, सुईंत दोरा, आणि सुईखालीं कापडावर गंजाचा तपकिरी डाग.

तुकड्यांपैकीं एक मीं ओळखला. माझ्या लहानपणीं आई प्राजक्ताचीं फुलें वेंचून त्यांचे देंठ सावलींत वाळवीत असे, आणि त्यांच्या उकळलेल्या पाण्यांत मलमल बुडवून केशरी करीत असे. रंग मोठा सुरेख, पण टिकाऊ नव्हे. उन्हानें आणि धुण्यानें तो उडून जातो. तो तुकडा आतां नुसता पिवळट दिसतो. त्याची एका बाजूची दुमड उसवली होती, ती नखानें उचलून पाहिली, तर आंत बोटाच्या पेराएवढी केशरी पट्टी होती. पन्नास वर्षांपूर्वींची!

शेवटच्या दोन वर्षांत आईला दिसत नव्हतें, हें आम्हां सर्वांना माहीत होतें. पण किती दिसत नव्हतें, हें या टांक्यांनीं मला प्रथम सांगितलें. ती तक्रार करीत नसे. तिचें मागणें एवढेंच कीं, सकाळीं शाळेंत शिकवायला जाण्यापूर्वीं मीं आठ-दहा सुया ओवून उशीला टोंचून ठेवाव्या. त्या संपेपर्यंत तिचा दिवस जाई. बहुतेक वेळां मी त्या ओवीत असें. एका रविवारीं मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलें होतें, तेव्हां तिनें हांक मारली.

“अग, तेवढ्या सुया राहिल्या हं.”

“आई, आत्तां नको ग. हे पेपर संपले कीं ओवतें.”

“होऊं दे तुझें सावकाश. मला कुठें गाडी गांठायची आहे?”

पेपर संपले नाहींत. दिवेलागणीला मी उठलें तेव्हां ती खिडकीशीं तशीच बसली होती. गोधडी मांडीवर, हात गोधडीवर. मीं दिवा लावला. सुयांचा विषय दोघींपैकीं कोणीच काढला नाहीं.

प्रसंग लहान आहे, आणि असे आणखीही घडले असतील. पण मला हाच आठवतो. म्हणून सुईंत दोरा पाहून पहिल्यांदां मला बरें वाटलें. दोरा आहे, तेव्हां निदान शेवटच्या दिवशीं तरी तिचें काम माझ्यावांचून अडलें नाहीं, अशी मीं मनाची समजूत घातली. मग चष्मा लावून नीट पाहिलें. मी सुई ओवतें ती दुहेरी दोऱ्यानें आणि टोंकाला गांठ मारून. ही माझी जुनी खोड, आणि आई तिला नेहमीं हंसे. हा दोरा एकेरी होता. त्याच्या आरंभीं गांठ नव्हती, दोन टांके एकावर एक घेतलेले होते. आणि नेढ्यांतून बाहेर आलेलें टोंक पुन्हां पुन्हां ओलें करून पिळल्यामुळें ताठ झालें होतें. ही सुई तिनें स्वतः ओवली होती. तिला त्याला किती वेळ लागला असेल आणि त्या वेळीं मी घरांत कोठें होतें, याचा हिशेब मांडायचा नाहीं असें मीं ठरवलें. हा निश्चय दोन दिवस टिकला.

गोधडी घेऊन मी मागच्या पडवींत बसूं लागलें, त्यामुळेंच पपनशींतला शिंपी माझ्या लक्षांत आला. अंगठ्याएवढा जीव, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी सदा उभी. आवाज मात्र देहाच्या चौपट. या पक्ष्याची वीण मुख्यतः उन्हाळा-पावसाळ्यांतली. त्या मानानें हें उशिरा थाटलेलें बिऱ्हाड होतें. दोन पानांच्या कडा एकमेकींना शिवून केलेला खिसा, आणि खिशांत पिलें. आईबाप दोघेही चोंचींत अळ्या घेऊन ये-जा करीत. मी हललें कीं दोघेही ओरडूं लागत, म्हणून टांक्यांसाठीं हात उचलतांनाही मला जपावें लागे.

मग एके सकाळीं कुंपणांतून भारद्वाज आला. भारद्वाज दिसणें शुभ मानतात, आणि मींही संवयीनें त्याला नमस्कार केला. तो पपनशीखालीं गेला, तेव्हां मला अर्थ कळला. पण मी काठी घेऊन पोंचेपर्यंत उशीर झाला होता. दुपारपर्यंत शिंपी-शिंपीण ओरडत राहिलीं. दुसऱ्या दिवशीं पपनस गप्प होती.

रिकामें घरटें मीं काढून आणलें. मनांतून मला आशा होती कीं, त्यांत माझ्या टोपलींतला एखादा दोरा सांपडेल. तसें झालें असतें तर हा निबंध अधिक गोड झाला असता. पण होता तो रुईच्या म्हातारीचा कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे तंतु. आणि ज्याला आपण शिवण म्हणतो ती आपल्या अर्थानें शिवण नव्हेच. धागा एका टांक्यांतून दुसऱ्यांत जात नाहीं. चोंचीनें पानाला भोंक पाडायचें, त्यांतून तंतु ओढायचा, आणि बाहेर राहिलेलें टोंक पिंजून फुगलें कीं तीच गांठ. प्रत्येक टांका सुटा, स्वतःपुरता. एक उसवला तर दुसऱ्याला त्याची वार्ता नाहीं.

हें शिवणकाम बहुतेक मादीच करते, तरी भाषेनें या पक्ष्याला नांव दिलें शिंपी. उलट, शेताच्या विहिरींवर खोपे लोंबतात ते विणणारीला आपण सुगरण म्हणतों, आणि विणणारा असतो नर! अलिबागेजवळच्या किहीमला 1930 सालीं सालिम अली यांनीं हे खोपे जवळून पाहिले. नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडला तर आंत राहते; मग तो खोपा पुरा करून हे गृहस्थ दुसरीसाठीं दुसरा खोपा विणायला घेतात. एकूण शिवणाऱ्या बाईला पुरुषाचें नांव आणि विणणाऱ्या बुवाला बाईचें. भाषेचा हा घोटाळा निस्तरण्याचें वय माझें राहिलें नाहीं.

गोधडीचें काय करावें तें मात्र सुचेना. लेकीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, “आई, कोणाकडून तरी पुरी करून घे ना. इकडे गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. आठवड्याभरांत देतील, अगदी एकसारखे टांके घालून.” तिचें चुकलें नाहीं. पण ‘एकसारखे’ हा शब्द मला खटकला. शेजारच्या काकू दुपारीं ताकाला विरजण मागायला आल्या, त्यांनीं मांडीवरची सुई-टोपली पाहिली आणि दारांतच थबकल्या.

“हें काय ग, पंधरवड्यांत शिवण काढलीस?”

“नवी नाहीं, काकू. आईची राहिलेली आहे.”

त्यांनीं गोधडीवरून हात फिरवला. त्यांचें वय आईच्याच बरोबरीचें. आतां नव्वदी गांठतील. “मग चालेल,” त्या म्हणाल्या. “आरंभ करूं नये म्हणतात. राहिलेलें पुरें करायला कोण नको म्हणतो?” हें शास्त्र त्यांनीं कोणत्या पोथींत वाचलें तें मीं विचारलें नाहीं. आईची तिथि पंचमीची. तिचें पान वाढून झालें, कावळ्यानें फार वाट पाहायला लावलें नाहीं, आणि त्याच दुपारीं मीं सुरुवात केली.

सुरुवात वाईट झाली. आधीं ती ओलांडून गेलेली ओळ मीं उसवूं लागलें. चारपांच टांके निघाले, तेव्हां लक्षांत आलें कीं, आपण शाळेंतल्यासारखें तांबड्या शाईनें आईची वही तपासूं लागलों आहोंत. काढलेले टांके त्याच भोंकांतून जसेच्या तसे पुन्हां घातले. गंजलेली सुई मात्र मीं काढली; ती कापडाला चिकटली होती, आणि ओढतांना दोरा तुटला. डाग राहिला आहे, तो धुतल्यानें जाणार नाहीं. तेथून पुढें माझे टांके. ते आईच्या कडेच्या टांक्यांसारखे नाहींत आणि शेवटच्यांसारखेही नाहींत. जरा आंखूड, जरा घट्ट, मास्तरणीचे. कोणीही सांगेल कीं येथें हात बदलला.

आज अमावास्या. उद्यां घट बसतील. मध्यें वीतभर चौकोन उरला आहे. मोतीबिंदु अजून पिकला नाहीं असें डॉक्टर म्हणतात, पण सुई ओवणें मला आतां कठीण जातें. तें काम काकूंच्या पणतीनें अंगावर घेतलें आहे. ती नऊ वर्षांची आहे, आणि पाहतां पाहतां दहा सुया ओवून देते, त्याही दुहेरी दोऱ्यानें आणि गांठ मारून, कारण मींच तिला तसें शिकवलें. दुपारीं सुया संपल्या, तेव्हां मीं कुंपणावरून हांक मारली.

“आजी, आत्तां डाव चालू आहे. संपला कीं ओवतें हं!”

“येऊं दे तुझ्या सवडीनें,” मीं म्हटलें. “मला कुठें...” आणि पुढचें बोललें नाहीं.

ऊन पडवींतून उतरून फरशीवर गेलें, आणि फरशीवरून विहिरीच्या कठड्याकडे. दोन धोबी आले होते. एकानें दुसऱ्याला हुसकून लावलें आणि एकटाच फेऱ्या घालूं लागला. प्राजक्ताच्या कळ्या अजून मिटलेल्या होत्या. पलीकडून मुलींचा ओरडा ऐकूं येत होता. डाव रंगांत आला असावा. मीं चष्मा पदरानें पुसला, दोऱ्याचें टोंक तोंडांत ओलें केलें, आणि सुई उजेडाकडे धरली. पहिल्या खेपेस गेला नाहीं.