पोटातला गोळा

आखेन, मंगळवार रात्र

ती. वहिनींस सा. न.

पोचलो. चकल्यांचा भुगा झाला, चिवडा ठीक, लाडू शाबूत. तुमच्या चिरंजीवांनी माझा कोट उतरायच्या आत डबा उघडला आणि उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली, तेव्हा बारीक झालाय का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच समजा. केस वाढलेत. खोलीत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने गॅलरीत जावं, आणि गॅलरी नाही.

थंडीबद्दल काय लिहू? सांगलीत जानेवारीत पहाटे आपण जिला थंडी म्हणतो, ती इथं दुपारी ऊन पडल्यावर असते. हीटरचा खटका दोनच्या पुढे न्यायचा नाही, बिल येतं, अशी मला ताकीद मिळाली आहे. ज्याला मी सायकल शिकवली त्याने दिलेली. मफलर बांधून लिहितोय.

दादाला सांगा, रक्तदाबाची गोळी चुकवलेली नाही. आणि निवृत्तीचे पैसे असे ‘पाळण्यात बसायला’ घालवतोय, हे त्याचं वाक्य मी इथल्या कुणाला भाषांतर करून सांगितलेलं नाही.

झोप येतेय. उद्या आराम, परवा ब्र्युलचं पार्क.


ब्र्युल, गुरुवार

ती. वहिनींस,

बसथांब्यावर लिहितोय, पाऊस आहे, अक्षर समजून घ्या. (दादा नेहमीप्रमाणे पत्राचा फोटो मोठा करून छापून देईलच.)

सकाळी कोलोनला गाडी बदलली. तिथलं कॅथेड्रल स्टेशनाच्या दारातच आहे. मोठं आहे. पाहिलं. ब्र्युलमध्ये राजवाडाही आहे म्हणे, युनेस्कोच्या यादीतला. तो राहिला.

आता फान्टाझियालांड. १९६७ सालचं हे पार्क, आणि कुंपणापलीकडे लगेच गाव. शेजारी राहणाऱ्यांना झोप हवी, म्हणून उंच बांधायला बंदी, आवाजावर बंधन, पसरायला जागा नाही. अशा ठिकाणी रोलर कोस्टर बांधायचा म्हणजे जागेअभावी मनुष्य जे करतो तेच केलंय: खाली खणलं. ब्लॅक मांबा या कोस्टरची गाडी खड्ड्यांतून, बोगद्यांतून फिरते. पण मी आलो होतो टारॉनसाठी. बसाल्टच्या काळ्या खांबांचं एक अख्खं गाव रचलंय आणि त्या गावाच्या घरांमधून, पुलांखालून, लोकांच्या डोक्यावरून रूळ गेलेत. लांबी १,३२० मीटर, आणि तेवढ्यात ती गाडी स्वतःचाच मार्ग ५८ वेळा ओलांडते. बाहेर उभं राहून रूळ कुठून कुठे जातो हे बोटाने दाखवून बघितलं, मधेच हरवलो.

टारॉनला साखळीचा चढ नाही. खोपोलीच्या नायट्रोत आधी वर खेचतात, कट-कट-कट आवाज येतो, माणसाला पश्चात्ताप करायला वेळ मिळतो. इथं ती सवलत नाही. उभा जन्म वीज मंडळात मोटारी बघण्यात गेला, म्हणून हे सांगतोच, कंटाळलात तर पुढचा परिच्छेद वाचा: गोल मोटर उभी चिरून सरळ पसरली आहे. वेटोळी रुळात, चुंबक गाडीच्या पोटाला. एकामागून एक वेटोळ्यात वीज सोडत गेलं की गाडी पुढे ओढली जाते. चाकाला कुठेही मोटर नाही, घासायला काही नाही. असा एक धक्का सुरुवातीला, आणि आता वेग उतरला असं वाटेपर्यंत मधेच दुसरा, त्याहून जबर. ताशी ११७ किलोमीटर. उलटं एकदाही करत नाहीत, त्याची गरजच पडत नाही. पावसाचे थेंब कपाळाला टोचत होते. खाली उतरल्यावर पाय जमिनीवर नीट पडेनात आणि मी सरळ पुन्हा रांगेकडे निघालो.

चिरंजीव बसत नाहीत. बाकावर माझी पिशवी, टोपी, चष्मा घेऊन लॅपटॉपवर काहीतरी करतात. मला आपली गोराईची सहल आठवली. एस्सेलवर्ल्ड नवीन होतं, दादा आणि मी प्रत्येक रांगेत, आणि तुम्ही सगळ्यांच्या चपला-पिशव्या मांडीवर घेऊन सावलीत. पोरगा तुमच्यावर गेलाय, माझ्यावर नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. ते पार्कही २०२२ पासून बंद आहे.

माझ्या शेजारी बसली त्याच्या वर्गातली एक मुलगी, नागपूरची. सोबत आली होती. दुसऱ्या धक्क्याला तिने “अगं आई गं!” केलं. एवढ्या जर्मन किंकाळ्यांत तेवढीच मला कळली.

जेवणाचं लिहायचं राहिलं. इथं बटाट्याची धिरडी मिळतात. कच्चा बटाटा किसून, कांदा घालून, भरपूर तेलात, कडा कुरकुरीत. बोटं भाजत होती तरी थांबवेना. आणि त्यावर काय वाढतात? सफरचंदाचा गोड गर! मी मिरची आहे का विचारलं. बाईने मिरपुडीची डबी पुढे केली. बरोबर तुमची शेंगदाण्याची चटणी असती तर मी या देशाला माफ केलं असतं. तीन धिरड्यांचे सहा युरो. शंभराने गुणायचं नाही असं बजावलंय, तरी गुणलं. पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी परत केली की मिळते; तुमचा लेक माझी बाटली संपायची वाट बघत असतो. संसारी झालाय.

बस आली.


काट्सहूवल, शनिवार

ती. वहिनींस,

फोनवर तुम्ही त्या मुलीबद्दलच विचारत राहिलात. टारॉनबद्दल एक अक्षर नाही. असो. नाव-गाव-आडनाव मी विचारलं नाही, तुम्हीही आत्ता विचारू नका. धीट आहे, रांगेत पुढे घुसत नाही, आणि तिने आणलेल्या डब्यात झणझणीत वांगं होतं. एवढीच माहिती आहे.

आज हॉलंडमध्ये. टिलबर्गहून बस. एफ्टेलिंग पार्कला मात्र तुम्ही यायला हवं होतं. १९५२ साली इथं परीकथांचं रान उघडलं, आंतोन पीक नावाच्या चित्रकाराने काढलेल्या घरांचं. वाकडी कौलं, वाकड्या चिमण्या, सगळं मुद्दाम जुनं. आज्या नातवंडांना घेऊन येतात आणि नातवंडांपेक्षा जास्त रमतात.

‘भारतीय जलकमळं’ असा एक खेळ आहे, १९६६ चा. गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओलाने लिहिलेली. अंधाऱ्या गुहेत तळं, बेडूक वाजंत्री, पऱ्या कमळावर नाचतात. आपलं काही दिसेल म्हणून मोठ्या आशेने उभा राहिलो. गाणं लागलं ते पेरू देशातल्या गायिकेचं! तरी दुसऱ्या खेपेला थांबलो, कारण आत ऊब होती.

इथला कचऱ्याचा डबा बोलतो. जाड्या माणसाचं तोंड उघडं असतं, “कागद इकडे” म्हणून ओरडतो, कागद नेला की आत ओढून घेतो आणि आभार मानतो. पोरं कागद शोधत फिरतात. खाली एक चिटोरं दिसेना. आपल्या महापालिकेला सुचवा म्हणून दादाला सांगणार होतो, पण त्या तोंडात आपल्याकडे काय काय टाकतील ते आठवलं.

कोस्टरचं थोडक्यात. ‘बारॉन १८९८’: सोन्याच्या खाणीची कथा, गाडी वर चढते, कड्यावर अधांतरी थांबवतात. खाली धुराने भरलेलं काळं भोक. साडेसदतीस मीटर, सरळ. त्या थांबण्यात खरी करामत आहे, पडणं त्यामानाने सोपं. चिरंजीवांनी खालून फोटो काढला आहे, त्यात मी कुठला ते ओळखू येत नाही.


रुस्ट, बुधवार

ती. वहिनींस,

आज चिडून लिहितोय, आधीच सांगतो.

चिरंजीव परीक्षेसाठी आखेनला राहिले, मी एकटा. वाटेत एका गावात (नाव लिहीत नाही, गावाचा काय दोष) बसमध्ये चढलो, पन्नासची नोट दिली. चालकाने नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बोट दाराकडे. तोंडातून शब्द नाही. माझ्यामागे दोन म्हाताऱ्या भिजत उभ्या, त्याही माझ्याकडेच रागाने बघायला लागल्या. उतरलो. पावसात समोरच्या बेकरीत जाऊन नको असलेला पाव घेतला, नोट मोडली, तोवर बस गेली. पुढची पाऊण तासाने. आपल्या एसटीच्या कंडक्टरबद्दल मी आजवर जे जे बोललो ते सगळं मागे घेतो. तो तिकिटामागे सुट्टे लिहून देतो, पण खाली उतरवत नाही.

स्टेशनवर बाथरूमला एक युरो. पुन्हा गुणाकार केला.

पार्कभर भोपळे मांडलेत, त्यांच्या हॅलोविनसाठी. डोंगरच्या डोंगर. एवढ्या भोपळ्यांत एक घारगा नाही, हे बघून घशाशी आलं. दिवाळीनंतर आठ दिवस घरी जे उरलंसुरलं खात बसतो, त्याची इथं सारखी आठवण येते. बोलायला कुणी नाही. रांगेत तासभर पुढच्या माणसाच्या पाठीवरचं वाचत उभं राहायचं.

हे युरोपा पार्क माक घराण्याचं. १७८० पासून हे लोक जवळच्याच वाल्डकिर्शमध्ये गाड्या बनवतात. आधी घोड्यांच्या, मग जत्रेच्या, मग कोस्टरच्या. १९७५ साली आपला माल गिऱ्हाइकाला चालवून दाखवता यावा म्हणून पार्क काढलं. मिरजेच्या सतारवाल्यांनी दुकानाशेजारी सभागृह बांधावं तसं. आता ग्रीस, इटली, फ्रान्स, सगळे देश आत पायी फिरता येतात. टूरवाले माणशी लाखो रुपये घेऊन दाखवतात तेच, आणि रांगेची शिस्त जास्त.

सिल्व्हर स्टारसाठी मी गेली कित्येक वर्षं झुरत होतो, तुम्हाला ठाऊक आहे. कपाटाच्या दारावर चित्र होतं. ७३ मीटर, ताशी १२७, २००२ साली उघडला तेव्हा युरोपातला सर्वांत उंच. वर पोचल्यावर एका बाजूला ब्लॅक फॉरेस्ट, दुसऱ्या बाजूला फ्रान्सचे डोंगर. दिसले, आणि गेले. मग एकामागून एक लांबलचक टेकाडं. टेकाडाच्या माथ्यावर गाडी रुळाबरोबर खाली वळते, आपण मात्र सरळ पुढे जायला बघतो, मांडीवरचा दांडा तेवढा धरून ठेवतो. पोटात गोळा येतो तो त्या क्षणी. सगळं बरोबर आहे. गुळगुळीत आहे. आणि वहिनी, मला काही वाटलं नाही. पुढचं प्रत्येक टेकाड आधीपासून दिसतं. दिसतं म्हणून पोट तयारीत राहतं.

मग चिडलेल्या मनाने वोडानकडे गेलो. लाकडी, २०१२ चा, उंची चाळीस मीटर, सिल्व्हर स्टारच्या निम्म्याहून जरा जास्त. खडखडाट एवढा की कवळीवाल्याने बसू नये. तुळयांच्या जंगलातून गाडी घुसते, प्रत्येक तुळई डोक्याला लागणार असं वाटतं, वळण संपतं तिथं काय आहे ते कळत नाही. उतरलो तेव्हा बसवाला विसरलो होतो. पार्क बंद होईपर्यंत तिथंच.

व्होल्ट्रॉन म्हणून २०२४ चा नवा आहे, टेस्लाच्या नावाने सजवलेला, सात वेळा उलटं करतात. रांगेतली पोरं वेडी झाली होती. मला डोकं दुखलं. उलटं करणं ही करमणूक आहे, कोस्टर नव्हे, असं माझं मत झालंय, आणि ते मी दादाशी भांडून टिकवणार आहे.


कोपनहेगन, रविवार

ती. वहिनींस,

शेवटचं पत्र, लहान. बोटं गारठलीत.

टिव्होली रेल्वे स्टेशनासमोरच, १८४३ पासून. बाकीचं पाहिलं नाही. सरळ रुचेबानेनकडे गेलो. १९१४ सालचा लाकडी कोस्टर, अजून चालतो. हल्लीच्या गाड्यांना रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही चाकं असतात. खालच्या चाकांमुळे गाडी रूळ सोडून उडत नाही. त्याचं पेटंट अमेरिकेत जॉन मिलरने १९१९ मध्ये घेतलं. ही गाडी त्याच्या आधीच्या घडणीची, म्हणून गाडीत एक माणूस बसतो आणि हाताने ब्रेक लावतो. प्रत्येक उताराला किती सोडायचं, किती आवरायचं, तो ठरवतो. रस्ता त्याला पाठ. माझ्या फेरीत तरणा पोरगा होता, एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने नाक पुसत होता. शेवटच्या उताराला त्याने मुद्दाम उशिरा ब्रेक लावला, मागे बघून हसला. सगळ्या प्रवासातली ही सर्वांत हळू गाडी, आणि वोडाननंतर मी दुसरा नंबर हिलाच देतो. टारॉन तिसरा. सिल्व्हर स्टारचं चित्र काढून टाका कपाटावरून.

कॉफी सहाशे रुपये. प्यालो, कारण कप हातात धरायचा होता.

गुरुवारी पहाटे मुंबईत उतरतो, गाडी पाठवू नका, बसने येतो.

एक काम. चिरंजीवांनी डिसेंबरात घरी येण्याचं तिकीट काढलेलं नाही. मला म्हणाला, अभ्यास आहे. अभ्यास नाही, तिकीट महाग आहे, आणि दादाकडे मागायचं नाही असं त्याने ठरवलंय. दादाशी बोला आणि पैसे या आठवड्यातच पाठवा, पुढे भाव आणखी चढतात. मी सांगितलं असं चिरंजीवांना कळू देऊ नका.

तुमचा धाकटा दीर